पाऊण मिनिटाची धाव आणि त्यानंतरचा दमसास

नवी दिल्ली स्टेशनवर पहाडगंजच्या बाजूनं आत शिरलं की समोर 1 नंबरचा प्लॅटफॉर्म लागतो. तुमची गाडी मात्र 16 नंबरवर, म्हणजे पार अजमेरी गेटच्या टोकाला उभी असते. पाठीवर सॅक, हातात बॅग आणि गाडी सुटायला जेमतेम पाच मिनिटं. जिना चढायचा, गर्दीतून वाट काढत पूल ओलांडायचा आणि पुन्हा जिना उतरून डबा गाठायचा. घरातले सगळे एकदम धावतात आणि सगळे गाडीत चढतातही. फरक दिसतो तो त्यानंतर. कॉलेजातली मुलगी मिनिटाभरात हसत सेल्फी काढू लागते. बाबा मात्र दहा मिनिटं खिडकीला टेकून धापा टाकत बसतात. धावले दोघंही तेवढंच, पण दम भरून यायला लागलेला वेळ वेगळा.

आइस हॉकी या खेळाचं अर्ध गुपित या फरकात आहे. बर्फावर खेळाडू किती जोरात सुटते हे सगळ्यांना दिसतं. बाकावर येऊन बसल्यावर तिचा श्वास किती लवकर जागेवर येतो, हे कुणी पाहत नाही. सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत मात्र त्याचाच हिशोब होतो.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मेजर ध्यानचंद आणि खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. बर्फावरची हॉकी आपली वाटतच नाही. पण भारत 1989 पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथं झालेल्या आशिया चषकात भारताच्या मुलींनी कांस्यपदक जिंकलं. महिला संघाचं हे पहिलंवहिलं आंतरराष्ट्रीय पदक. या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या आहेत. जिथं तलाव गोठला तरच सराव होतो, तिथून त्या आल्या आहेत. त्यांच्या शरीरात नेमकं काय घडतं ते समजून घेतलं, तर आपल्या घरातल्या खो-खो, कबड्डी किंवा फुटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठीही त्यातून बरंच हाती लागतं.

साठ मिनिटांचा खेळ, पण तुकड्या-तुकड्यांत

आइस हॉकीचा सामना 20-20 मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. मध्ये 15-15 मिनिटांची विश्रांती. एका वेळी बर्फावर प्रत्येक बाजूचे सहा जण असतात, पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. संघात मात्र गोलकीपर सोडून वीस जणांपर्यंत खेळाडू ठेवता येतात आणि खेळ चालू असतानाच ते सतत बदलत राहतात. बदलीला मर्यादा नाही आणि पंचांची परवानगीही लागत नाही. कठड्यावरून एक जण बाकाकडे येतो आणि दुसरा बर्फावर उडी घेतो.

बर्फावरच्या अशा एका फेरीला शिफ्ट म्हणतात. ती साधारण 45 सेकंदांची असते. कधी 30 सेकंदांत संपते, कधी मिनिटाच्या पुढे जाते. एका सामन्यात मुख्य खेळाडूच्या वाट्याला अशा वीस-पंचवीस शिफ्ट येतात, म्हणजे प्रत्यक्ष खेळ होतो 15 ते 20 मिनिटांचा. बाकीचा वेळ बाकावर.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण ते पाऊण मिनिट कसं असतं ते पाहा. अंगावर हेल्मेट, खांद्याचं-गुडघ्याचं पॅडिंग, हातमोजे आणि स्केट्स मिळून दहा किलोंच्या आसपास वजन. त्या वजनासकट सुसाट सुटायचं, एकदम थांबायचं, वळायचं, प्रतिस्पर्ध्याला खांद्यानं रेटायचं आणि पुन्हा सुटायचं. हृदयाचे ठोके त्यांच्या कमाल मर्यादेच्या 85-90 टक्क्यांवर किंवा त्याच्याही वर जातात.

नुसतं सरळ रेषेत घसरत राहणं स्वस्त आहे. बर्फावर घर्षण इतकं कमी असतं की एका रेट्यात खेळाडू बरीच पुढे जाते. महाग पडतं ते थांबणं आणि पुन्हा वेग घेणं. दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये गाडीचं पेट्रोल जसं हायवेपेक्षा जास्त जळतं, तसंच हे. त्यात स्केटिंग करताना गुडघे वाकवून, अर्धवट बसल्यासारखं राहावं लागतं. मांडीचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि त्यांच्यातला रक्तपुरवठा काही अंशी दाबला जातो. म्हणून मांड्या इतर खेळांपेक्षा लवकर पेटतात. पटत नसेल तर भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीवर बसल्याच्या अवस्थेत 45 सेकंद राहून बघा. त्यात धावणं अजून आलेलंच नाही!

शरीरातली तीन पाकिटं

या पाऊण मिनिटाची ऊर्जा येते कुठून? घरखर्चाच्या भाषेत सांगायचं तर शरीराकडे पैशांची तीन ठिकाणं आहेत.

पहिलं म्हणजे खिशातले सुटे पैसे. स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिन नावाचा थोडासा साठा तयार असतो. तो ताबडतोब वापरता येतो, ऑक्सिजनची वाट बघावी लागत नाही. पण जिवाच्या आकांतानं धावलं तर काही सेकंदांतच तो बराचसा संपतो. पहिली झेप आणि पहिला जोरकस फटका याच पैशांवर होतो.

दुसरं म्हणजे कपाटातली रोकड. भात, पोळी, भाकरी, बटाटा यांतून मिळालेली साखर स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात. ऑक्सिजन पुरेसा नसतानाही ती भराभर मोडून ऊर्जा मिळते. पण त्याबरोबर स्नायूंतली आम्लता वाढते आणि पाय जड होतात. याच वेळी लॅक्टेटही तयार होतं. पूर्वी सगळा दोष लॅक्टेटच्या माथी मारला जायचा. आता माहीत आहे की हृदय आणि इतर स्नायू तेच लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात.

तिसरी म्हणजे बँक. श्वासातून आलेला ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी सावकाश जाळायची. ही एरोबिक व्यवस्था. इथून पैसे निघायला वेळ लागतो, पण खातं मोठं असतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, रिकामा झालेला खिसाही हीच बँक पुन्हा भरते.

इथं अनेकांची गल्लत होते. आइस हॉकी म्हणजे झटपट धावांचा खेळ, मग त्यात लांब पल्ल्याच्या दमाचं काय काम, असा प्रश्न प्रशिक्षकही विचारतात. त्याचं उत्तर बाकावर मिळतं. शिफ्ट संपवून खेळाडू बसते तेव्हा तिच्या स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा पुन्हा भरायला लागतो. साधारण अर्ध्या ते एका मिनिटात तो निम्मा भरतो. जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. हे भरण्याचं काम संपूर्णपणे ऑक्सिजनवर चालतं. ज्या खेळाडूचं हृदय आणि फुप्फुसं जास्त ऑक्सिजन पोहोचवतात आणि ज्या स्नायूंना तो वापरायची सवय आहे, तिचा खिसा त्याच दोन मिनिटांत जास्त भरतो.

बँकेचा वाटा सामना पुढे सरकतो तसा वाढतही जातो. सायकलवर 30 सेकंद जीव तोडून पॅडल मारायला लावलेल्या प्रयोगात पहिल्या वेळी सुमारे एक तृतीयांश ऊर्जा ऑक्सिजनवर आधारलेली होती. चार मिनिटांच्या विश्रांतीनंतर पुन्हा तेच करायला लावलं तेव्हा हा वाटा जवळपास निम्म्यावर गेला. सुटे पैसे संपत आले की बँकेवरच भिस्त ठेवावी लागते.

बाकावरचं गणित

आता एक साधा हिशोब करू. समजा प्रत्येक शिफ्ट 45 सेकंदांची आहे.

संघात पाच-पाच जणांच्या चार तुल्यबळ तुकड्या असतील, तर एक तुकडी खेळून आल्यावर बाकीच्या तीन खेळून होईपर्यंत तिला 2 मिनिटं 15 सेकंद विश्रांती मिळते. तीनच तुकड्या असतील तर दीड मिनिट. आणि दोनच तुकड्यांवर सामना खेळायची वेळ आली, तर 45 सेकंद खेळ आणि 45 सेकंद विश्रांती. शिट्टी वाजून खेळ थांबतो तेवढा वेळ वरचा.

कॅनडा किंवा फिनलंडसारख्या देशाला चार चांगल्या तुकड्या सहज मिळतात. ज्या देशात हा खेळ मोजक्या गावांत खेळला जातो तिथं पहिल्या दहा खेळाडू आणि नंतरच्या दहा खेळाडू यांच्यात मोठी दरी असते. मग अटीतटीच्या सामन्यात त्याच त्या मुलींना पुन्हा पुन्हा बर्फावर जावं लागतं. त्यांची विश्रांती आखडते आणि खिसा अर्धवट भरलेला असतानाच पुढची शिफ्ट येते. म्हणजे लहान संघाच्या खेळाडूला एरोबिक क्षमतेची गरज मोठ्या संघापेक्षा जास्त.

ही क्षमता मोजायचं एक माप आहे, व्हीओटू मॅक्स. शरीर एका मिनिटात, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं ते यातून कळतं. व्यायाम न करणाऱ्या तरुण पुरुषात हा आकडा साधारण 35 ते 45 असतो. वरच्या दर्जाच्या पुरुष आइस हॉकीपटूंमध्ये 50 ते 60. बर्फावरून लांब पल्ल्याचं स्कीइंग करणारे अव्वल खेळाडू 80 च्याही पुढे जातात. हॉकीपटूला तेवढी गरज नसते. एका पातळीनंतर दम आणखी वाढवून फार फायदा होत नाही. त्यापुढे ताकद, वेग आणि कौशल्य ठरवतं. पण ती पातळी गाठलेली नसेल, तर कौशल्य तिसऱ्या सत्रात दगा देतं. उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग, एनएचएल, नव्या खेळाडूंना पारखताना 30 सेकंदांची सायकलवरची जीवघेणी चाचणी घेते आणि व्हीओटू मॅक्सही मोजते, ते यामुळेच.

क्रिकेटमुळे यो-यो टेस्ट हे नाव आता घराघरांत पोहोचलं आहे. 20 मीटर जायचं, 20 मीटर परत यायचं, 10 सेकंद थांबायचं आणि बीपबरोबर वेग वाढवत जायचा. डेन्मार्कचे येन्स बँग्सबो यांनी ती तयार केली. या चाचणीचा बर्फावर स्केट्स घालून करायचा प्रकारही आहे. धावणं आणि दम भरून काढणं अशा दोन्ही गोष्टी ती एकत्र तपासते.

लेहचं पाणी गोठतं तेव्हा

आता लडाखकडे वळू. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तिथं हवेचा दाब मुंबईच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांशच असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, सुमारे 21 टक्के. पण हवाच विरळ असल्यानं प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे कण कमी येतात. मैदानी भागातून गेलेल्या माणसाची एरोबिक क्षमता तिथं अंदाजे एक पंचमांशानं घटते. म्हणून दिल्लीहून विमानानं लेहला उतरणाऱ्या पर्यटकांना पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहायला सांगतात.

लडाखच्या मुली याच हवेत जन्मतात, वाढतात आणि खेळतात. तिबेटी पठारावरच्या लोकांची शरीरं पिढ्यान् पिढ्या या विरळ हवेशी जुळवून घेत आली आहेत. इथं एक गैरसमज दूर करायला हवा. उंचावर राहणाऱ्याचं रक्त घट्ट होतं आणि तेच त्याचं बळ, असं आपण ऐकतो. तिबेटी वंशाच्या लोकांमध्ये उलट एक जनुकीय बदल आढळतो, त्यामुळे हिमोग्लोबिन बेसुमार वाढत नाही आणि रक्त फार घट्ट होत नाही. त्यांचं शरीर कमी ऑक्सिजन अधिक हुशारीनं वापरतं.

मग या मुलींना अल ऐनसारख्या, समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेल्या ठिकाणी मोठाच फायदा मिळत असेल? काही अंशी हो, खाली प्रत्येक श्वास भरलेला असतो. पण उंचीची एक अडचणही आहे. विरळ हवेत पूर्ण वेगानं वारंवार सराव करता येत नाही, दम लवकर संपतो. म्हणजे दमसास घडतो, पण सर्वोच्च वेगाचा सराव मागे पडतो. म्हणूनच जगभरातले खेळाडू राहतात उंचावर आणि वेगाचा सराव करायला खाली उतरतात.

लडाखच्या खेळाडूंसमोरची त्याहून मोठी अडचण बर्फाची आहे. तिथं हा खेळ गोठलेल्या तलावांवर वाढला. लेहचा कारझू तलाव त्यांतला सगळ्यात ओळखीचा. नैसर्गिक बर्फ साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच टिकतो, म्हणजे वर्षातले जेमतेम दोन महिने. देहरादूनला 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी पूर्ण आकाराची बंदिस्त रिंक बांधली, पण ती नंतर कित्येक वर्षं बंद राहिली. 2025 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथं आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंग स्पर्धाही झाली. दिल्लीकरांना गुरुग्रामच्या मॉलमधली रिंक माहीत असते, पण ती करमणुकीसाठी. 60 मीटर लांबीच्या स्पर्धेच्या रिंकपुढे ती अगदीच छोटी.

अशा परिस्थितीत महिला संघ 2016 मध्ये तैपेई इथं पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला आणि सगळे सामने हरला. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये त्यानं फिलिपिन्सला 4-3 असं हरवून पहिला विजय मिळवला. त्या दौऱ्याच्या खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. रिंचेन डोल्मा कर्णधार होती आणि गोलपुढे उभी होती लेहची नूर जहाँ. त्यानंतर आठ वर्षांनी कांस्यपदक आलं.

गोलकीपरचं गणित मात्र वेगळं. ती बदलत नाही, पूर्ण 60 मिनिटं बर्फावर असते. तिची पॅड्स इतरांपेक्षा बरीच जड. तिला लांब धावायचं नसतं, पण गुडघ्यांवर बसायचं, झेपावायचं आणि पुन्हा उठायचं हे अचानक आणि अनेकदा करावं लागतं. दम लागलेला असताना नजर आणि डोकं थंड ठेवणं हे तिचं खरं काम. तेही श्वास लवकर जागेवर आला तरच जमतं.

बर्फाशिवाय काय कमावता येतं?

स्केटिंगचं तंत्र बर्फावरच शिकावं लागतं. वळणं, मागं जाणं, पकवर ताबा यांना पर्याय नाही. रोज दहा किलोमीटर धावणारी मुलगी स्केट्सवर उभी राहिली तर तिच्या मांड्या पहिल्याच दिवशी तक्रार करतील. धावण्याचा दम जसाच्या तसा स्केटिंगमध्ये उतरत नाही, कारण स्नायू वेगळ्या पद्धतीनं वापरले जातात.

पण हृदय एकच असतं. एका ठोक्यात किती रक्त ढकलायचं हे ते धावताना, सायकल चालवताना किंवा डोंगर चढतानाही शिकतं. बर्फ नसताना हॉकीपटूला जे कमावता येतं त्यात हे सगळ्यात मोठं. शिवाय त्याला रिंक लागत नाही, वीज लागत नाही आणि परदेशवारीही लागत नाही. उरलेलं अंतर चाकांच्या इनलाइन स्केट्सवर बरंच भरून काढता येतं. महाराष्ट्रातली मुलंही याच वाटेनं बर्फावर पोहोचली आहेत. आधी सोसायटीच्या आवारात किंवा पालिकेच्या स्केटिंग रिंकवर चाकांवर शिकून, मग खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत लेहच्या बर्फावर.

दम वाढवण्याची एक तपासलेली पद्धत नॉर्वेच्या संशोधकांनी रूढ केली आहे, ती म्हणजे चार गुणिले चार. दहा मिनिटं अंग गरम करायचं. मग चार मिनिटं इतक्या जोरात चढ चढायचा किंवा धावायचं की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. मग तीन मिनिटं सावकाश चालायचं. असं चार वेळा. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. बाकीच्या दिवशी गप्पा मारता येतील अशा वेगानं लांब चालणं, सायकल किंवा जॉगिंग. रोजच जीव तोडून धावलं तर दम वाढत नाही, दुखापत मात्र होते.

बाकावरचा डबा

एका सामन्यात मांडीच्या स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा निम्म्यानं किंवा त्याहूनही जास्त खाली येऊ शकतो. वजनानुसार बदलणारा ढोबळ हिशोब करायचा तर 55 किलोच्या खेळाडूला या खेळाच्या एका तासाला 440 ते 550 कॅलरी लागतात. म्हणून सामन्याच्या तीन-चार तास आधी कर्बोदकं असलेलं साधं जेवण हवं. लडाखच्या घरात ते थुक्पा किंवा जवाच्या सत्तूच्या रूपात असतं आणि सोबत सुके जर्दाळू. आपल्याकडे वरण-भात, पोळी-भाजी, पोहे किंवा भाकरी तेच काम करतात. तळलेलं आणि फार तेलकट टाळावं, ते पोटात रेंगाळतं. सत्रांच्या मध्ये केळं किंवा खजूर. सामना संपल्यावर तासाभरात कर्बोदकांबरोबर थोडं प्रथिन, म्हणजे दूध-केळं, डाळ-भात, अंडं-पोळी किंवा दही-पोहे.

पाण्याचं मात्र भान ठेवावं लागतं. थंडीत तहान कमी लागते, पण पॅडिंगच्या आत अंग घामानं निथळत असतं. सामन्यात लिटर-दीड लिटर घाम सहज जातो. खेळाआधी आणि नंतर वजन केलं तर किती पाणी गेलं याचा अंदाज येतो. वजन एक किलोनं घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. थंड, कोरडी हवा जोरजोरात ओढल्यानं आइस हॉकीपटूंमध्ये श्वासनलिका आकसण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. खेळ थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला सुटला, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, तर 'दम कमी आहे, अजून धाव' असं म्हणत मुलाला पळवू नका, डॉक्टरांना दाखवा. दिल्लीच्या हिवाळ्यात तर हे बर्फाशिवायही लागू आहे. हवा अतिशय खराब असेल त्या दिवशी बाहेर धावण्यापेक्षा घरात दोरीवरच्या उड्या आणि जिना बरा.

आपल्या घरासाठी

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. खो-खोत तीन-तीन जणांच्या तुकड्या मैदानात उतरतात, जीव तोडून पळतात आणि बाद झाल्या की बसतात. कबड्डीत चढाई 30 सेकंदांची. शरीराच्या दृष्टीनं हे खेळ आणि आइस हॉकी सख्खी भावंडं आहेत. म्हणून तुमचं मूल यांतलं काहीही खेळत असेल, तर नुसता वेग नको, दम भरून काढण्याची ताकदही घडवा. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम.

आपला दमसास कुठं आहे ते घरच्या घरी पाहता येतं. तीन मिनिटं भराभर जिना चढा-उतरा. थांबल्याबरोबर मनगटावरची नाडी 15 सेकंद मोजा आणि चारानं गुणा. बरोबर एका मिनिटानं पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहून ठेवा. ठोके मिनिटाभरात जितके जास्त उतरतील तितकं चांगलं. जेमतेम दहा-बाराच उतरले तर दम कमी आहे असं समजा आणि आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी ही परीक्षा डॉक्टरांना विचारूनच द्यावी. दर पंधरा दिवसांनी हीच मोजणी करा. नियमित चालत-धावत राहिलात तर दीड-दोन महिन्यांत आकडा सुधारलेला दिसेल.

अल ऐनला पदक घेणाऱ्या मुलींना दरवर्षी बर्फाची वाट पाहावी लागते. तो किती दिवस टिकेल हे त्यांच्या हातात नाही आणि सरकारी रिंक कधी सुरू राहील हेही नाही. चढावर धावणं, सायकल मारणं आणि ठरलेल्या वेळी झोपणं त्यांच्या हातात आहे. पुढच्या सामन्याचं टीव्हीवर प्रक्षेपण आलं तर गोलबरोबर बाकाकडेही बघा. कोण मान खाली घालून धापा टाकतंय आणि कोण कठड्यावर हात ठेवून पुढच्या शिफ्टसाठी तयार बसलंय, यावरून तिसऱ्या सत्राचा अंदाज तुम्हाला आधीच येऊ लागेल.